तारापूरची मासळी, चिकू, दूध: किरणोत्सर्ग मोजतं कोण आणि आकडे मिळतात कुठे?

पारनाका
माझं माहेर डहाणू-तारापूर पट्ट्यात, अणुवीजकेंद्रापासून फार लांब नाही. आता राहते डोंबिवलीला. माहेरहून सुके बोंबील, करंदी, चिकू, वालाच्या शेंगा असं भरभरून येतं आणि शेजारीपाजारी वाटलंही जातं. परवा सोसायटीतल्या एकीने "नको गं, तिकडचं ना, रेडिएशन असेल" म्हणून बोंबील परत केले. राग आला पण उत्तर सुचेना. "आम्ही लहानपणापासून खातोय, आम्हाला काय झालंय" हे काही उत्तर नव्हे एवढं मलाही कळतं.

तर माझं विचारणं एवढंच, की तिथल्या खाण्याच्या वस्तूंची तपासणी कोणी करतं का, करत असेल तर नेमकं काय मोजतात, ते आकडे माझ्यासारख्या माणसाला बघायला मिळतात का, आणि मला स्वतःला किलोभर मासळी कुठे देऊन तपासून घेता येईल का. अणुऊर्जा हवी की नको हा वाद कृपया इथे नको, त्यावर आपल्याकडे आधीच मारामाऱ्या होऊन गेल्यात.

लंगडी_गाय
रात्री लाईट बंद करून बोंबील बघा. चमकत नसतील तर तळा.

खवय्या_ठाणे
चमकत असतील तर लाईट न लावता जेवा, बिल वाचेल. परत आलेले बोंबील ठाण्याला पाठवून द्या, आमची तक्रार नाही.

जुना_नळ
पारनाका, मी अशाच एका लॅबमध्ये नोकरी केलेली आहे. कुठल्या ते लिहीत नाही, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला.

तपासणी होते. प्रत्येक अणुवीजकेंद्राजवळ बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) एक पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, सगळे ईएसएल म्हणतात, तारापूरलाही आहे. ही लॅब केंद्र सुरू व्हायच्या आधीच कामाला लागते म्हणजे मूळची पातळी कागदावर येते, आणि नंतर केंद्र चालू आहे तोवर साधारण ३० किलोमीटरच्या परिघातून नमुने आणत राहायचं. पाणी, माती, गवत, दूध, तांदूळ, भाजी, फळं, मासे, कोलंबी, समुद्रातला गाळ, शेवाळ. मासळी बाजारातून किंवा होडीवरून विकत घ्यायची. कोळणीकडे सरकारी पावती मागितली की ती ज्या नजरेने बघायची ना, ते विचारू नका.

मासा आणला की आपण खातो तेवढाच भाग घ्यायचा, डोकं-काटे बाजूला. ओला असतानाच वजन करायचं. मग ओव्हनमध्ये वाळवायचा आणि मग भट्टीत साधारण ४५० अंशाला राख करायची, त्याच्या फार वर गेलं की सीझियम (अणुभट्टीत तयार होणारं किरणोत्सर्गी द्रव्य, तेच तर शोधायचं असतं) उडून जातं. टोपलीभर मासळीची शेवटी मूठभर राख उरते. बोंबील तव्यावर भाजले तर वास खमंग येतो, भट्टीतला वास तसला नसतो, घरी जाताना एसटीत माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. ती राख डबीत दाबून भरायची, शिशाच्या जाड भिंतींच्या आत जर्मेनियमचा डिटेक्टर असतो, द्रव नायट्रोजनने गार केलेला, त्याच्यावर ठेवायची आणि रात्रभर मोजत बसायचं, कधी त्याहूनही जास्त, कारण असतंच इतकं कमी की दहा मिनिटांत काही कळत नाही.

यात सीझियम-१३७ दिसतं, कोबाल्ट-६० दिसतं. स्ट्रॉन्शियम-९० असं दिसत नाही, ते गॅमा किरण देत नाही आणि हा डिटेक्टर तेवढेच पकडतो, रसायनं वापरून वेगळं काढावं लागतं आणि मग त्यातून यिट्रियम तयार व्हायची दोनेक आठवडे वाट बघावी लागते. ट्रिशियमला (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तर वेगळंच यंत्र. तारापूरची १ आणि २ नंबरची युनिट १९६९ ची, उकळत्या पाण्याची अमेरिकन पद्धत, ३ आणि ४ जड पाण्याची. जड पाणी आलं की ट्रिशियमकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. शिवाय त्याच आवारात वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा कारखानाही आहे, हे लोक विसरतात. तिथे सीझियम-स्ट्रॉन्शियम हाताळलं जातं.

आणि हो, बोकडाची थायरॉईड. तीही आणायचो, खाटकाकडून.

पारनाका
धन्स नळकाका (काका म्हटलं तर चालेल ना?). पण बोकडाची थायरॉईड का? ती कोण खातं?

जुना_नळ
चालेल की.
खात कोणी नाही. आयोडीन-१३१ हवेतून गवतावर बसतं, बकरी दिवसभर गवत-पाला खात हिंडते आणि शरीरातलं आयोडीन सगळं थायरॉईडला जाऊन बसतं. दुधात, गवतात सापडणार नाही इतकं कमी असलं तरी त्या एवढ्याशा ग्रंथीत सापडू शकतं. आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे आत्ता सापडलं तर ते ताजंच. खायच्या वस्तूवरून डोस कळतो, बोकडावरून बातमी लवकर कळते.

फॅमिली_डॉक
वरच्यात भर: चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉईडचे कॅन्सर वाढले त्याला मुख्य कारण दूध. गाई बाहेर चरत होत्या, दूध थांबवलं नाही, मुलं प्यायली. पहिले काही आठवडे दूध बंद केलं असतं तर बरंच टळलं असतं. अपघात झाल्यावर आधी दूध आणि पालेभाज्या, मग बाकीचं. रोजच्या दिवसांत मात्र तारापूरच्या दुधाबद्दल मी पेशंटला घाबरवणार नाही.

झेन_खेकडा
जुना_नळ यांचं काम प्रामाणिक असणार याबद्दल शंका नाही. पण केंद्र अणुऊर्जा विभागाच्या कंपनीचं, लॅब अणुऊर्जा विभागाच्या संस्थेची, म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरातला. एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) आहे, पण तिच्या स्वायत्ततेवर कॅगनेच २०१२ च्या अहवालात बोट ठेवलं होतं, तेव्हा कायद्याने स्वतंत्र दर्जा नव्हता म्हणून. मी म्हणत नाही आकडे खोटे आहेत. मी म्हणतो खरे असले तरी शेजारणीने का मानावेत?

जुना_नळ
यावर भांडणार नाही. फक्त एक सांगतो, आकडा लपवायला आधी आकडा मोठा लागतो. आमच्या वहीत बहुतेक ठिकाणी "मापन क्षमतेपेक्षा कमी" असंच असायचं.

तुमचा दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. लॅबमध्ये प्रत्येक माशाचा, प्रत्येक गावाचा वेगळा आकडा असतो. एईआरबीच्या वार्षिक अहवालात तो येतो तेव्हा त्याचा आलेखात एका केंद्रासाठी एक दांडा झालेला असतो, शेजारी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा (सिव्हर्ट म्हणजे अंगाला मिळणारा डोस मोजायचं एकक), आणि दांडा तिच्या कितीतरी खाली. बरोबरच असतो. पण त्या दांड्यात बोंबील किती, कालवं किती, दूध किती, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

गीगर_गणू
मी ऑनलाईन गीगर काउंटर मागवला होता. घोलवडचे चिकू, सातपाटीचं पापलेट, घरची फरशी, बायकोचा ग्रॅनाईटचा ओटा, सगळं मोजलं. सगळ्यात जास्त ओटा. म्हणजे चिकू सेफ?

जुना_नळ
चिकू सेफ असेल, पण तुमच्या यंत्रामुळे ते कळलं नाही. किलोला १ बेकरेल म्हणजे किलोभर चिकूत सेकंदाला एक अणू फुटतो, त्यातलं बरंचसं चिकूतच अडतं किंवा भलत्या दिशेला जातं. तुमची नळी त्याच वेळी आकाशातून आणि भिंतीतून येणारं मोजत असते. त्या गोंधळात हा एक कुठे ऐकू येणार. जपानची खाण्याची मर्यादा किलोला १०० बेकरेल आहे, तेवढंही असल्या यंत्रावर धड दिसणार नाही. आणि ट्रिशियमचे कण तर नळीच्या काचेतूनही आत शिरत नाहीत. मोबाईलच्या ॲपचं नावच काढू नका.

रच्याकने, त्या चिकूत किलोला साठेक बेकरेल नैसर्गिक पोटॅशियम-४० असतंच, तारापूरचा असो की गुजरातचा.

केळं_जळगावचं
आलं! पोटॅशियम आलं! आता कोणीतरी केळ्याचं उदाहरण देणार आणि आम्हा जळगावकरांची बदनामी होणार. एका केळ्यात १५ बेकरेल वगैरे.

झेन_खेकडा
@केळं_जळगावचं ते उदाहरण तसंही फसवं आहे. शरीर पोटॅशियम ठराविकच ठेवतं, जास्तीचं बाहेर टाकतं, म्हणून दोन केळी जास्त खाल्ली म्हणून आत काही साठत नाही. सीझियमचं तसं नाही, जेवढं जास्त खाल तेवढं अंगात जास्त राहतं. आणि स्ट्रॉन्शियम हाडात जाऊन बसतं. सरकारी माणूस गावात येऊन केळं दाखवतो तेव्हा मला राग येतो तो यासाठी.

जुना_नळ
+१. मीही केळं कधी दाखवलं नाही.

हिशोबच हवा असेल तर असा करा. सीझियम-१३७ चा एक बेकरेल पोटात गेला की मोठ्या माणसाला ०.०१३ मायक्रोसिव्हर्ट डोस. वर्षाला ५० किलो मासे खाणारा माणूस धरा, सगळे मासे अगदी जपानच्या १०० बेकरेलच्या मर्यादेवर धरा, तर ५००० बेकरेल, म्हणजे ६५ मायक्रोसिव्हर्ट. जनतेची वर्षाची मर्यादा १००० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे वरचा तोच १ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून जगात सरासरी २४०० मिळतातच. आणि मासा किलोला अर्धा बेकरेल असला तर हाच आकडा ०.३ होतो. घाबरायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण गुणाकार करून.

लासलगाव_एक्स्प्रेस
आमच्याकडे तर सरकारच कांद्यावर किरण मारतं. त्याचं कोणी बघत नाही वाटतं??

मसाला_एक्स्पोर्ट
@लासलगाव_एक्स्प्रेस ते वेगळं हो. लासलगावचं कृषक केंद्र २००२ पासून आहे, कांद्याला कोंब फुटू नये म्हणून कोबाल्टसमोरून नेतात. २००७ ला हापूस अमेरिकेला जायला लागला तोही तिथूनच प्रक्रिया करून. त्यात कांदा किरणोत्सर्गी होत नाही, किरणं आरपार जातात, पदार्थ आत राहत नाही. उन्हात वाळवलेली मिरची रात्री ऊन सोडते का? तारापूरचा प्रश्न पदार्थच अन्नात शिरला का असा आहे.

आता पारनाका यांच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर, कारण आमचं रोजचं काम आहे. काही देश मालाबरोबर किरणोत्सर्ग तपासणीचं सर्टिफिकेट मागतात. आम्ही नमुना वाशीला ब्रिटच्या (अणुऊर्जा विभागाचीच एक संस्था) लॅबला देतो, ते सीझियम वगैरे मोजून कागद देतात, फी भरावी लागते. निर्यातदारांसाठीची सोय आहे. घरगुती बोंबील घेतात का ते फोन करून विचारा, मी तरी मसालेच नेलेत.

गिरगावचा_म्हातारा
या चर्चेवरून आयरिश बटर आठवलं, तरुण मंडळींना माहीत नसेल. चेर्नोबिल झालं १९८६ ला. त्यानंतर युरोपकडून मदत म्हणून आलेलं आयर्लंडचं लोणी मुंबईत वापरायला निघाले आणि एकच गहजब झाला. प्रकरण मुंबई हायकोर्टात, तिथून सुप्रीम कोर्टात. कोर्टाने तज्ज्ञ नेमले, एम. जी. के. मेनन आणि पी. के. अय्यंगार त्यात होते, त्यांनी लोणी खायला हरकत नाही सांगितलं आणि १९८८ ला विषय मिटला. आमच्या चाळीत मात्र वर्षभर डेअरीच्या लोण्याकडे कोणी बघेना, सगळ्या बायका घरी साय विरजू लागल्या. नवऱ्यांची चैन झाली.

जुना_नळ
आजोबा, त्यातली गंमत म्हणजे सीझियम दुधाच्या पाण्याच्या भागात राहतं, लोण्यात फार कमी उतरतं. चाळीने भ्यायचंच होतं तर ताकाला भ्यायला हवं होतं.

व्हाइटहेवनची_वहिनी
नमस्कार, मी राहते इंग्लंडात कंब्रियात, सेलाफिल्डच्या अणुप्रकल्पापासून गाडीने थोड्याच अंतरावर, म्हणून लिहावंसं वाटलं. त्याच जागेवर १९५७ ला विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून दिलं होतं. म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या घरात त्या गोष्टी अजून निघतात.

पण मला सांगायचंय ते वेगळं. इथे दर वर्षी एक जाडजूड अहवाल निघतो, अन्न आणि पर्यावरणातला किरणोत्सर्ग असा, १९९५ च्या आकड्यांपासून, पर्यावरण संस्था आणि अन्नाचं खातं मिळून काढतात, कंपनी नाही. इंटरनेटवर फुकट. त्यात या गावचा खेकडा, त्या बंदरातला शेवंड, अमुक भागातलं दूध, असे आकडे ओळीने. आणि त्याहून भारी म्हणजे खाण्याच्या सवयींचा सर्व्हे. माणसं घरोघर, बंदरावर फिरून विचारतात तुम्ही वर्षाला किती शिंपले खाता, कुठले. मग डोस काढतात तो सरासरी माणसाचा नाही, सगळ्यात जास्त खाणाऱ्यांचा. पूर्वी इथल्या किनाऱ्यावरचं एक समुद्री शेवाळ साउथ वेल्सला जायचं, तिथे त्याचा पदार्थ करून खातात, तर सेलाफिल्डच्या सांडपाण्याची मर्यादा ठरवताना त्या वेल्सच्या खाणाऱ्यांचा हिशोब धरला होता. दोनशे मैलांवरचे लोक!

आणि हे वाचून तर मी उडाले होते: आमच्या भागातल्या समुद्री खाणाऱ्यांच्या डोसमध्ये मोठा वाटा सेलाफिल्डचा नाहीच, व्हाइटहेवनला पूर्वी एक फॉस्फेटचा कारखाना होता त्याच्या सांडपाण्याचा. पोलोनियम, तेही किरणोत्सर्गीच. साधा केमिकलचा कारखाना हो.

डोल_जाळं
मी मांगेला, आमचा धंदा मच्छीचा, पिढ्यानपिढ्या. दोन दिवस वाचतोय म्हणून आता लिहितो.

तुमी सगळे शिकलेले, बेकरेल-बिकरेल चालू हाय, चालू द्या. पण आमच्या समुद्राचं वाटोळं कोणी केलं ते इथे एकानेही लिहिलं नाय. बोईसरला एमआयडीसी हाय, तिचं पाणी नवापूरकडून समुद्रात सोडतात. प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर देशात पहिला नंबर होता, अणुमुळे नाय, केमिकलमुळे. खाडीत मेलेली मासळी तरंगते तेव्हा टीव्हीवाले येतात आणि मागे अणुवीजकेंद्राचा फोटो लावतात. पूर्वी खाडीत निवट्या मिळायच्या, बायका ओहोटीला खडकावर कालवं काढायला जायच्या, घरचं कालवण त्याच्यावर. आता तीच कालवं पोरांना द्यायला भीती वाटते, वास येतो डांबराचा.

३ आणि ४ नंबरसाठी अक्करपट्टी, पोफरण उठवली तेव्हा कोणी असा धागा काढला होता का? आणि तुमी असं "तारापूरची मासळी रेडिएशन" लिहून ठेवलं की उद्या तो गुगलला वर येतो. दादरच्या गिऱ्हाइकाला आमी सांगतच नाय मच्छी कुठली, सातपाटी सांगतो. भाव पडला तर तुमी देणार का?

खवय्या_ठाणे
हे वाचून मस्करी केल्याचं जरा ओशाळवाणं वाटलं. बोंबलांची ऑर्डर मात्र कायम आहे, पैसे देऊन.

पारनाका
@डोल_जाळं दादा, भावाचं तुमचं म्हणणं पटतं. पण मी धागा काढायच्या आधीच शेजारणीने बोंबील परत केले होते ना. भीती आहेच, फक्त तिला उत्तर द्यायला हातात काही नाही.

सेंदाई_सदू
मी जपानात आहे, सेंदाईला, फुकुशिमाच्या वरच्या अंगाला. डोल_जाळं यांच्या मुद्द्यावर इथली गोष्ट सांगतो.

२०११ च्या अपघातानंतर आधी तात्पुरती मर्यादा किलोला ५०० बेकरेल होती, एप्रिल २०१२ पासून १०० केली, दूध आणि बाळांचं खाणं ५०, पाणी १०. फुकुशिमा प्रांताने २०१२ च्या पिकापासून तांदळाचं पोतं न पोतं मोजलं. नमुना नाही, प्रत्येक पोतं! वर्षाला साधारण एक कोटी. ३० किलोचं पोतं पट्ट्यावरून यंत्राखाली जातं, काही सेकंदांत निकाल, वर स्टिकर. २०१५ च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेबाहेर गेलं नाही, मग २०२० पासून बहुतेक भागांत नमुना तपासणीवर आले. शिवाय शेतात पोटॅश टाकलं, म्हणजे भात सीझियमऐवजी पोटॅशियम उचलतो.

तरी भाव? सुधारला, पण बराच तांदूळ हॉटेल-कँटीनला नाव न लावता जात राहिला. म्हणजे आकडे जाहीर केले की दुसऱ्या दिवशी विश्वास येतो असं नाही. पण जाहीर केले नसते तर विकला तरी गेला असता का, मला नाही वाटत.

इवाकी शहरात आयांनी मिळून २०११ मध्येच स्वतःची लॅब काढली, ताराचिने नाव. लोक परसातली भाजी, समुद्रातला मासा घेऊन जातात. साध्या बायका शिकून स्ट्रॉन्शियम आणि ट्रिशियमसुद्धा मोजतात. सरकारी आकडा आणि यांचा आकडा जुळला की लोक सरकारचा मानतात, असं एकूण आहे.

आणि सगळं आलबेल पण नाही. मे २०२३ ला केंद्राच्या बंदराच्या आतल्या एका माशात किलोला १८,००० बेकरेल सीझियम सापडलं, मर्यादेच्या १८० पट. त्यांनीच मोजले, त्यांनीच छापले. जंगलातले मशरूम, रानडुक्कर यांचं तर अजून चालूच आहे.

लंगडी_गाय
एक कोटी पोती मोजली. आपल्याकडे रेशनच्या दुकानात पोत्याचं नुसतं वजन बरोबर निघालं तरी पेढे वाटू.

रत्नांग्रीकर
जैतापूरचं पण हेच हो. माडबनला अणुवीजकेंद्राचा मूळ बेत ९९०० मेगावॅटचा, अजून वीट नाही. तेव्हा साखरीनाट्याचे मच्छीमार आणि आमचे आंबावाले ओरडत होते तर सगळे म्हणाले विकासाला विरोध. ठीक आहे. पण आत्ताच, काही नसताना, आमचा हापूस, बांगडा, खाडीतले मुळे मोजून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा ना! उद्या केंद्र झालं तर तुलना करता येईल आणि नाही झालं तर आंबा विकायला उपयोगी पडेल. तारापूरचे आधीचे आकडे लॅबच्या कपाटात आहेत असं वर काका म्हणतायत. कपाटातल्या कागदाचा गावाला काय फायदा.

झेन_खेकडा
याला अनुमोदन. आणि सरकार म्हणजे काय ते…

अॅडमिन
झेन_खेकडा यांच्या प्रतिसादातला राजकीय भाग काढला आहे. पहिली पोस्ट पुन्हा वाचा.

झेन_खेकडा
दोनच विशेषणं होती.

जुना_नळ
@डोल_जाळं, तुमचं कालवांचं वाचलं आणि वहिनींचं पोलोनियमचंही. दोन्ही जोडून सांगतो.

कालवं, तिसऱ्या, शिंपले हे दिवसभर पाणी गाळत असतात, पाण्यातलं जे काही आहे ते त्यांच्यात जमतं. कोबाल्ट शोधायचं तर म्हणूनच आम्ही त्यांच्याकडे जायचो. पोलोनियम-२१० नैसर्गिक आहे, जगातल्या प्रत्येक समुद्रात आहे, आणि मासळी खाणाऱ्याला मासळीतून मिळणारा बहुतेक डोस त्याचाच असतो, अणुकेंद्र असो नसो. जास्त करून माशाच्या आतड्यात, म्हणून आपण साफ करून खातो त्या पापलेटात कमी, पण कालवं आणि सुकट-जवळा आपण अख्खाच खातो. याचा अर्थ जवळा सोडा असा नव्हे, आजी-पणजी खातच आल्या.

तुम्ही म्हणता तो डांबराचा वास मात्र माझ्या यंत्रात कधीच दिसला नसता. गॅमाचा डिटेक्टर पारा, शिसं, फिनॉल बघत नाही. त्याच होडीतला तोच मासा दोन लॅबमध्ये जायला हवा. त्यातली एक लॅब नियमाने तिथे उभी आहे, दुसरीचं काय ते तुम्हीच सांगा.

डोल_जाळं
दुसरीचा माणूस मासळी मेली की येतो. बाटलीत पाणी भरतो, जातो. रिपोर्ट आमाला कधी दाखवला नाय.
तुमी बरं लिहिलंत.

माहितीचा_अधिकारी_नव्हे
पारनाका, माहिती अधिकारात विचारा. पण "तारापूरची मासळी सुरक्षित आहे का" असं विचारू नका, एका ओळीत "होय" येतं, नाहीतर हे मत आहे माहिती नव्हे म्हणून परत येतं. मी एका कार्यालयात दुसऱ्याच विषयावर असा गोल प्रश्न टाकला होता, उत्तर आलं "नियमाप्रमाणे". नमुन्याचं नाव, गाव, वर्ष, कुठला पदार्थ मोजला, निकाल, आणि "मापन क्षमतेपेक्षा कमी" असेल तर ती क्षमता किती, असं मागा. मत नाही, नोंदी मागायच्या.

व्हाइटहेवनची_वहिनी
आणि हे जरूर घाला: डोस काढताना माणूस वर्षाला किती मासे खातो असं धरलंय, आणि तो आकडा कुठून आला. घरोघर विचारून की पुस्तकातून? मला वाटतं सगळं घोडं इथेच अडतं. डोंबिवलीची शेजारीण महिन्यातून एकदा बोंबील खाणार. मोजायचं असेल तर डोल_जाळं यांच्या वाडीचं मोजायला हवं.

पारनाका
@वहिनी हे डोक्यातच आलं नव्हतं. डोल_जाळं दादा, तुमच्याकडे एक माणूस वर्षाला साधारण किती मासळी खात असेल हो? अंदाजे.

डोल_जाळं
हिशोब कोणी ठेवलाय. धंदा चालू असला की रोज दोन वेळा, त्यात मोठा मासा बाजारात जातो आणि घरी राहतो तो बोंबील, मांदेली, करंदी, तुटलेला-फुटलेला. पावसाळ्यात बंदी, तेव्हा सुकं. म्हातारीला तर सुक्याशिवाय भाकरी उतरत नाय. ५० किलो म्हणत होते ना काका, हसायला आलं. आमच्या वाडीत ५० किलोवर कोण भागवतो. पोरांना सांगतो, दोन-चार घरी एक महिना वजन करून लिहायला लावतो. ताजं वेगळं, सुकं वेगळं.

जुना_नळ
शंभर टक्के वेगळं लिहा. आणि पारनाका, अर्जात हे वाढवा: निकाल ओल्या वजनावर आहे का सुक्या, आणि सुकी मासळी स्वतंत्र नमुना म्हणून मोजतात का. बोंबलात बहुतेक पाणीच असतं, वलांडीवर सुकला की पाणी जातं आणि बाकीचं सगळं तिथेच राहतं. ओल्या बोंबलाचा किलोचा आकडा सुक्याला लावला तर हिशोब कित्येक पटीने चुकतो. केंद्रातून आलेलं असो की पोलोनियम असो.

पारनाका
वाढवलं. वाशीला फोन केला होता, लॅब नमुना घेते पण आधी पत्र पाठवा म्हणाले, ते पाठवलंय. अर्ज सोमवारी टाकते आणि मसुदा इथेच चिकटवते, चुका काढा. डोल_जाळं दादा, वजनं आली की मला निरोप टाका, नाव-गाव न लिहिता.

लंगडी_गाय
मी नमुना म्हणून दोन महिने बोंबील खायला तयार आहे. विज्ञानासाठी.

डोल_जाळं
पत्ता पाठवा. बिल पण पाठवतो.